घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यात ड्रम्स बसवताना: टप्पे, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

गाणं बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातून येवो की मांजलपूरच्या फ्लॅटमधून, तक्रार एकच असते. "ड्रम्स टाकलेत, पण बसत नाहीयेत." किकवर (पायाने वाजणारा मोठा ड्रम) तीन-तीन इक्यू (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) लावून झालेले असतात, स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) बदलून झालेला असतो, रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) वाढवून झालेला असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! बहुतेक गाण्यांत दुखणं इक्यूमध्ये नसतंच. लय जुळलेली नसते, किंवा दोन माइकचे आवाज एकमेकांना खात असतात, किंवा किक आणि डग्गा एकाच जागेसाठी भांडत असतात. ही कामं प्लगइन (सॉफ्टवेअरमधली इक्यूसारखी साधनं) उघडण्याआधीची आहेत. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सहावा टप्पा संपेपर्यंत ड्रम्सवर एकही इफेक्ट लावायचा नाही.

मी असं धरून चाललो आहे की तुमच्याकडे गायन, गिटार किंवा हार्मोनियम आणि कदाचित तबला-ढोलक रेकॉर्ड झालेले आहेत. हाताशी लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि वायरचे हेडफोन आहेत. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. मी रीपर वापरतो. तो पैसे न भरता ६० दिवस वापरून पाहता येतो आणि खाली सांगितलेलं सगळं त्याच्यासोबत येणाऱ्या प्लगइनवर होतं.

टप्पा १: फाइल्स आणि खोली साफ करा

मूळ प्रोजेक्टची एक प्रत काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. सगळे ट्रॅक एकाच सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी) आहेत ना, ते बघा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठीक आहे. मोबाइलवर रेकॉर्ड केलेला एखादा ट्रॅक ४४.१ किलोहर्ट्झचा निघाला, तर आधी तो बदलून घ्या.

मग हेडफोन लावून प्रत्येक ट्रॅकचा शांत भाग मोठ्या आवाजात ऐका. आपल्याकडच्या विजेची घरघर ५० हर्ट्झवर असते आणि तिचे पडसाद १०० आणि १५० हर्ट्झवर. किकचा गाभा साधारण ५० ते ८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे गिटारच्या ट्रॅकवर घरघर असेल, तर तुम्ही किकला जी जागा देणार, तिथे आधीच कुणीतरी बसलेलं आहे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घरघर कमी होत असेल, तर दोष अर्थिंगच्या बाजूला आहे. तो भाग बॅटरीवर पुन्हा रेकॉर्ड करणं हे इक्यूने घरघर कापत बसण्यापेक्षा सोपं.

पंख्याचंही तसंच. बडोद्याच्या मे महिन्यात पंखा बंद करून गा म्हणणं क्रूरपणा आहे, पण पहाटे साडेपाच-सहाला ते जमतं. पंख्याची वाऱ्याची लाट गायनाच्या ट्रॅकवर असली, की पुढे संपूर्ण मिक्सवर कंप्रेसर (मोठे आवाज दाबणारं साधन) लावल्यास ती स्नेअरच्या मागे हलताना ऐकू येते.

गायन, गिटार, हार्मोनियम यांच्या तळाशी आत्ताच हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा) लावा. पुरुषाच्या आवाजाला ८० हर्ट्झच्या आसपास, बाईच्या आवाजाला १२०च्या आसपास. डग्गा आणि ढोलक यांना मात्र हात लावू नका. त्यांचं पुढे बघू.

टप्पा २: गाण्याची लय आधी शोधा, मग ड्रम्स

सगळ्यात जास्त गाणी इथेच घसरतात, म्हणून इथे वेळ घालवा.

घरी रेकॉर्ड केलेलं गाणं बऱ्याचदा क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या टिकटिकीशिवाय) गायलेलं असतं. गिटार हातात, डोळे मिटलेले, आणि गायक अंतऱ्यात जरा चढतो. चढणारच, त्यातच गाण्याचा जीव आहे. पण समजा, मुखडा मिनिटाला ८४ बीट्सवर आहे आणि अंतरा ९१वर गेला. चार बीट्सचं एक आवर्तन ८४ला २.८६ सेकंदांचं होतं आणि ९१ला २.६४ सेकंदांचं. एकाच आवर्तनात ०.२२ सेकंदांचा फरक पडला. ८४च्या लयीत बीटचा पाव भाग ०.१८ सेकंदांचा असतो. म्हणजे अंतऱ्याच्या दुसऱ्या समेवरच ८४चा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार ठेका) गाण्याच्या पाव बीटपेक्षा जास्त मागे राहिलेला असतो. अशा गाण्यावर ८४चा तयार लूप टाकून कितीही इक्यू करा, तो उपराच वाटणार.

लूप गाण्यावर बसवायचा नाही, सॉफ्टवेअरची ग्रिड (बीट्सच्या उभ्या रेषा) गाण्यावर बसवायची. पद्धत अशी:

१. सगळे ट्रॅक घड्याळाच्या वेळेला बांधून ठेवा. रीपरमध्ये ट्रॅकचा टाइमबेस 'टाइम' करा. हे विसरलात तर लय बदलली की रेकॉर्ड केलेलं गायनही सरकतं.

२. गाणं सुरुवातीपासून लावा आणि प्रत्येक समेवर मार्कर टाकत जा. मात्रा मोजू नका, फक्त सम पकडा. मग झूम करून प्रत्येक मार्कर गिटारच्या किंवा तबल्याच्या समेच्या आघाताच्या अगदी सुरुवातीवर आणून ठेवा.

३. एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा भाग निवडा आणि 'निवडलेल्या भागाचं एक माप करा' ही आज्ञा द्या. त्या आवर्तनाची लय सॉफ्टवेअर स्वतः काढतं. असं शेवटच्या समेपर्यंत करत जा.

४. ताल नीट सांगा. केरवा म्हणजे ४/४चं एक माप, त्यात आठ मात्रा. दादरा ६/८. रूपक ७/८. दादऱ्यातल्या गाण्यावर ४/४चा लूप टाकून 'जमत का नाही' असं विचारणारे दरवर्षी भेटतात.

तपासणी: क्लिक सुरू करून गाणं पूर्ण ऐका. क्लिक गायकाबरोबर चालत असल्यासारखी वाटली पाहिजे. एखाद्या आवर्तनात ती अडखळली, तर मार्कर चुकलाय. लय सगळीकडे ताठ करू नका. फक्त एकाच आवर्तनात लय मध्येच तीन-चार बीट्सनी उडी मारून परत आली असेल, तर तिथे गिटारचा तेवढा तुकडा सरळ करा.

टप्पा ३: ड्रम्स कुठून आणणार, ते ठरवा

तीन वाटा आहेत.

मिडीवर (कुठला आघात कधी आणि किती जोराने, याची नोंद) वाजवलेले सॅम्पल्स (आधी रेकॉर्ड केलेले सुटे आघात): फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ही सगळ्यात सोयीची वाट. किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडी हाय-हॅट ४६ हे मिडीचे आकडे बहुतेक ड्रम प्लगइन समजतात.

ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड): बडोद्यात ड्रमसेटवाला शोधण्यापेक्षा ऑक्टापॅडवाला शोधणं सोपं, नवरात्राची कृपा. फक्त त्याला नवरात्रानंतर गाठा, आधीचा महिना तो तुमचा फोन उचलणार नाही. आला की त्याच्या ऑक्टापॅडचा मिडी रेकॉर्ड करा, आवाज नव्हे. आवाजाच्या केबलमधून किक, स्नेअर, झांजा एकत्र मिसळून येतात आणि मग स्नेअर वेगळा कमी-जास्त करता येत नाही. मिडी घेतलात तर वादकाचा हात तुमच्याकडे राहतो आणि आवाज हवा तो लावता येतो. बफर (सॉफ्टवेअर एका वेळी किती आवाज हाताळतं, तो आकडा) ६४ किंवा १२८वर ठेवा. ब्लूटूथ हेडफोन इथे अजिबात नकोत, त्यांत आवाज उशिरा पोचतो आणि चांगला वादकही मागे पडू लागतो.

खरा ड्रमसेट: जागा आणि शेजारी दोन्ही अनुकूल असतील तरच. दोनच इनपुट असतील तर एक माइक किकसमोर आणि एक स्नेअरच्या वर सुमारे मीटरभर. चार स्वस्त माइक लावण्यापेक्षा हे दोन चांगले लागतात.

टप्पा ४: ठेका लिहा, पण काल सांभाळा

ठेक्याचं आणि ड्रम्सचं भांडण आवाजात कमी, रचनेत जास्त असतं. केरव्यात बघा: धा गे ना ति, ना के धि ना. पाचव्या मात्रेवर काल, म्हणजे तालातली रिकामी जागा, आहे. तिथे डग्गा गप्प असतो, म्हणून पुढच्या 'धि'ला वजन येतं. आता पाश्चात्त्य पद्धतीचा साधा ठेका घेतलात तर त्याची दुसरी किक नेमकी पाचव्या मात्रेवर पडते. पहिल्या किकइतक्याच जोराने वाजली, तर काल भरून निघतो आणि तबला तालात असूनही गाणं चेपल्यासारखं वाटतं.

म्हणून तबला किंवा ढोलक असेल तर पाचव्या मात्रेवरची किक काढा, नाहीतर हलकी करा. समेवरच्या किकचा मिडीतला जोर १०५-११० असेल तर हिचा ६५-७०च्या आसपास. स्नेअर तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर राहू द्या. दादऱ्यात काल चौथ्या मात्रेवर. तिथे मी किक ठेवतच नाही, फक्त स्नेअरची कड हलकी वाजवतो.

सगळे आघात ग्रिडला शंभर टक्के चिकटवू नका. ८० टक्के पुरे. हाय-हॅटचे जोर एकसारखे असतील तर एक जड, एक हलका असे करा. आणि दर चार आवर्तनांनी फिल (ठेक्याऐवजी वाजवलेला छोटा तुकडा) मारायची सवय सोडा. गायक श्वास घेतो तिथेच फिल शोभते.

जपा: भजनात किंवा गणपतीच्या गाण्यात टाळ असतील तर हाय-हॅट जवळजवळ काढूनच टाका. दोघांची जागा वरच्या पट्ट्यात एकच आहे. टाळ आपल्या गाण्याचे आहेत, ते राहू देत.

टप्पा ५: फेज तपासा

फेज म्हणजे दोन ट्रॅकवरच्या एकाच आवाजाच्या लाटा एकमेकींशी जुळतात की नाही. सॅम्पल्स वापरणाऱ्यांना इथे थोडंच काम आहे, माइक लावणाऱ्यांना बरंच.

आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्नेअरपासून एक मीटर वर असलेल्या माइकला तो जवळच्या माइकपेक्षा जवळपास ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. हे दोन ट्रॅक एकत्र वाजले की १७० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खातो. आणि स्नेअरचं अंग तिथेच, १८० ते २५० हर्ट्झच्या जवळ असतं. मग स्नेअर पत्र्यासारखा वाजतो आणि लोक २०० हर्ट्झ वाढवत बसतात. जो आवाज कटतो आहे, तो वाढवून परत येत नाही.

स्नेअरचा एक आघात दोन्ही ट्रॅकवर शेजारी-शेजारी झूम करून बघा. जवळच्या माइकची पहिली लाट वर जात असेल आणि वरच्या माइकची खाली, तर एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवा. मग वरच्या माइकचा ट्रॅक थोडा आधीच्या वेळेकडे ओढून दोन्ही आघातांची सुरुवात जुळवून ऐका. ४८ किलोहर्ट्झला ३ मिलिसेकंद म्हणजे जवळपास १४० सॅम्पल्स (इथे आवाजाच्या डिजिटल नोंदी). कधी जुळवल्यावर बरं वाटतं, कधी खोलीची हवा निघून जाते. कान सांगेल ते ठेवा. स्नेअरच्या खालून माइक लावला असेल तर त्याची पोलॅरिटी उलटी करून बघायचीच.

तपासणी: मास्टर (सगळ्या ट्रॅकचा एकत्र आवाज) मोनो करा, म्हणजे डावा-उजवा एकच. मोनोत किक किंवा स्नेअर एकदम बारीक झाला तर पुढे जाऊ नका. किकची पोलॅरिटी बेस गिटारबरोबर वाजवतानाही उलटवून बघा. ज्या बाजूला तळ भरलेला वाटतो, ती बाजू ठेवा.

टप्पा ६: फक्त फेडर

आता सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) खाली आणा. प्रत्येक ड्रमचा शिखरबिंदू उणे १२ ते उणे १० डीबीवर येईल असा गेन ठेवा, म्हणजे मास्टरवर ५-६ डीबी मोकळे राहतात.

इंटरनेटवरचे धडे किकपासून सुरू करा म्हणतात. नाचाच्या गाण्याला ते ठीक. ज्या गाण्यात शब्द पुढे आहेत, तिथे मी आधी गायन वर आणतो, मग त्याच्या खाली स्नेअर, मग किक, मग बेस किंवा डग्गा, मग बाकीचं. किकपासून सुरू केलं की शेवटी गायकालाच जागा मागावी लागते.

सोलो बटणापासून (एकच ट्रॅक ऐकवणारं) लांब राहा. सोलोवर भारदस्त वाटणारी किक गाण्यात चिखल करते. नुसत्या फेडरवर आणि मोनोमध्ये गाणं ऐकण्यासारखं होत नसेल, तर दोष दुसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या टप्प्यात आहे. परत जा.

टप्पा ७: किकची जागा

किकला ३० हर्ट्झच्या खाली कापा. ३०० ते ४०० हर्ट्झमध्ये खोक्यासारखा आवाज असतो, तो ३-४ डीबी कमी करा. मोबाइलचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही, आणि तुमचं गाणं लोक मोबाइलवरच ऐकणार. म्हणून किकच्या पेडलचा टोला ऐकू येईल एवढं २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये २ डीबी वाढवा.

बेस गिटार असेल तर वाटणी करा: किकला ६०च्या आसपासची जागा, बेसला ९०-१००ची. तरीही गर्दी वाटली तर बेसवर कंप्रेसर लावून त्याला किकचा सिग्नल ऐकवा. रीपरमध्ये किकमधून बेसच्या ट्रॅकच्या ३ आणि ४ या चॅनलवर सेंड द्या आणि कंप्रेसरच्या डिटेक्टरला ऑक्झिलरी इनपुट निवडा. किक पडली की बेस २-३ डीबी दबला पाहिजे आणि १०० मिलिसेकंदांत परत आला पाहिजे. जास्त केलंत तर बेसला उचकी लागते.

डग्ग्याला मात्र असं दाबू नका, त्याची मींड तुटते. त्याऐवजी मींड कुठल्या पट्ट्यात फिरते, ते इक्यूचा एक अरुंद उंचवटा हळूहळू सरकवत कानाने शोधा, आणि किकमध्ये तो पट्टा २-३ डीबी कमी करा. मींड वाजताना किक पडत असेल तर ती किकच काढा.

टप्पा ८: स्नेअर, झांजा आणि शब्द

स्नेअरचा तडाखा आणि शब्दांची स्पष्टता दोन्ही २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये राहतात. स्नेअर बारीक वाटतो म्हणून तिथे वाढवलंत की गायकाचा शब्द पुसला जातो आणि मग गायन वाढवावं लागतं. त्यापेक्षा स्नेअरचं अंग २०० हर्ट्झजवळ १-२ डीबी भरा. हाय-हॅट आणि वरच्या माइकला ३०० हर्ट्झच्या खाली कापा. पण वरचा माइक हाच तुमचा मुख्य माइक असेल तर १००च्या वर कापू नका. झांजा कानाला टोचत असतील तर ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये शोधून थोडं कमी करा.

टप्पा ९: कंप्रेसर

किक आणि स्नेअरला प्रमाण ४:१, अटॅक (दाब सुरू व्हायचा वेळ) २०-३० मिलिसेकंद, रिलीज (दाब सुटायचा वेळ) १०० मिलिसेकंद, दाब ३ ते ५ डीबी. अटॅक १-२ मिलिसेकंदांवर ठेवला की टोलाच चिरडला जातो आणि 'ड्रम्समध्ये दम नाही' ही तक्रार सुरू होते. सगळे ड्रम्स एका बसवर (एकत्र ट्रॅकवर) घेऊन त्यावर २:१, फार तर २ डीबी. तयार सॅम्पल्स बऱ्याचदा आधीच दाबलेले असतात, त्यांना हेही नको.

जपा: कंप्रेसर लावल्यावर आवाज वाढला असेल तर तो लावण्याआधीच्या पातळीवर आणून मगच तुलना करा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

टप्पा १०: एकच खोली

ड्रम सॅम्पल्स मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेले, गायन कपाटाशेजारी. हा फरक लगेच कळतो. सॅम्पल्समधला खोलीचा आवाज आधी कमी करा. मग एकच छोटा रूम रिव्हर्ब घ्या, ०.५ ते ०.८ सेकंदांचा, २५० हर्ट्झच्या खाली कापलेला. त्यात स्नेअर बऱ्यापैकी, गिटार आणि गायन चिमूटभर पाठवा. किक पाठवू नका.

टप्पा ११: फेडर हलवत ठेवा

पहिल्या अंतऱ्याच्या सुरुवातीला गायक खालच्या स्वरात असेल तर ड्रम बस १-१.५ डीबी खाली. मुखड्याला परतताना पूर्ववत. फिल हवी तर १ डीबी वर. पहिल्या ओळीला हाय-हॅट गाळून बघा, बऱ्याच गाण्यांना ते मानवतं.

टप्पा १२: शेवटच्या तपासण्या

हळू आवाजात ऐका. शब्द आणि स्नेअर दोन्ही कळले पाहिजेत. किक मात्र हळू आवाजात कमीच ऐकू येते, कानाची रचनाच तशी आहे, म्हणून तिला लगेच वाढवू नका. मग मोबाइलच्या स्पीकरवर, मग गाडीत. गाणं मंडळाच्या किंवा गरब्याच्या मैदानावर वाजणार असेल तर किकमध्ये ४० हर्ट्झजवळ काही वाढवलेलं नाही ना, ते खास बघा. हेडफोनमध्ये जे गोड लागतं, ते तिथल्या सबवूफरवर नुसतं घुमतं.

यूट्यूब मोठं गाणं स्वतःच सुमारे उणे १४ एलयूएफएसपर्यंत (गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं, त्याचं माप) खाली आणतो, तेव्हा लिमिटरने (शिखरं दाबणारं साधन) ड्रम्स चेपून काही हाती लागत नाही. खरा शिखरबिंदू (ट्रू पीक) उणे १ डीबीवर ठेवा.

निर्यात करताना तीन प्रती काढा: आहे तशी, ड्रम बस १ डीबी वर आणि १ डीबी खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही ऐका, शक्यतो ज्याने गाणं आधी ऐकलेलं नाही अशा कुणाला तरी शेजारी बसवून. कुठली प्रत कुठली ते त्याला सांगू नका.